गुरुवारचे विमान

शुक्रवारी सकाळी भिवंडीत सर्वांत आधी ऐकू येतो तो कावळा. इतर दिवशीही तो ओरडत असणारच. पण सहा दिवस अहोरात्र चाललेल्या मागांच्या खडखडाटात त्याला विचारतो कोण? शुक्रवारी माग बंद असतात, आणि मग नारपोलीतल्या आमच्या गल्लीत एकेक आवाज जरा संकोचतच बाहेर येतो: शेजारच्या कुकरची शिट्टी, दगडावर आपटल्या जाणाऱ्या चादरी, मशिदीचे आवार झाडणाऱ्या खराट्याची सपसप, आणि कुणीतरी अगदी निवांतपणे दिलेली जांभई. त्या दिवशी फाल्गुन नुकताच लागला होता. ऊन अजून कोवळे होते, तरी येणाऱ्या उन्हाळ्याची चाहूल त्यात लपत नव्हती. परसातल्या आंब्याचा मोहोर दरवळत होता, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात, सुताला द्यायच्या शिजवलेल्या खळीचा तो ओलसर, पेजेसारखा वास मिसळला होता. अशा त्या सकाळी मी चहाचा कप घेऊन गच्चीत उभा असताना मस्कतहून वनिताचा, माझ्या बायकोचा, फोन आला आणि इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ती सहज म्हणाली, ह्या खेपेला माझे तिकीट तुम्ही काढा.

सहज म्हणाली खरी, पण मी चहाचा कप कठड्यावर ठेवून दिला.

वनिता तिथल्या एका इस्पितळात परिचारिका आहे. दिवस भरण्याआधीच जगात यायची घाई झालेली, तळहातावर मावतील अशी बाळे काचेच्या पेटीत ठेवतात, त्या विभागात तिचे आयुष्य चालले आहे. आम्हांला मूल नाही. ह्या दोन गोष्टींची सांगड घालून आमच्या नात्यातल्या बायका सुरुवातीला फार हळहळत, आणि वनिता हसून त्यांना म्हणे, माझी इतकी झालीत की बारशाला नावे पुरायची नाहीत. घरात काही कमी होते म्हणून ती गेली नाही. आपल्या हातातले कसब कुठवर पोचते ते तिला बघायचे होते. तिला अडवावे असे मला कधी वाटले नाही. आणि मी अडवले असते तर ती थांबली असती, असेही काही नाही.

मी स्वतः नारपोलीतल्या एका कारखान्यात मेहता आहे, म्हणजे मालक नसताना मालकाची डोकेदुखी सांभाळणारा माणूस. वनिताचे माहेरही ह्याच भागातले. मागांच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात ती वाढली. त्यामुळे मस्कतला गेल्यावर तिला पहिला त्रास कसला झाला असेल, तर शांततेचा. रात्रपाळी करून खोलीवर आली की अंथरुणावर पडल्या पडल्या डोळे टक्क उघडे. शेवटी ती मला सकाळी फोन करू लागली, आणि मी तो कारखान्याच्या खिडकीत, चालू मागाच्या तोंडाशी ठेवून द्यायला लागलो. थोड्या वेळाने जाऊन कानाला लावला की त्या सगळ्या खडखडाटाच्या पलीकडे तिचा संथ श्वास ऐकू येई. कामगार विचारत, "मेहताजी, फोन खिडकी में काहे रखे हो?" मी सांगे, घरवाली सो रही है. त्यांतली कितीतरी माणसे स्वतःच्या बायकांपासून दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब राहत होती, त्यामुळे ह्यावर कुणी हसत नसे.

दर वर्षी ती महिनाभरासाठी येई. तिकीट इस्पितळच काढून देई, यायचे आणि जायचे एकत्र. मी फक्त एक हट्ट धरी: पोचण्याचा दिवस शुक्रवार हवा. त्या दिवशी मला सुट्टी. पहाटे विमानतळावर जायचे, तिला घेऊन यायचे, आणि दिवसभर घरातून हलायचे नाही. मग महिनाभर आमच्याकडे सणच असे. आणि सण म्हटला की घर काही नेहमीसारखे राहत नाही. ठेवणीतली चादर बाहेर येते, आई तिला भांड्याला हात लावू देत नाही, मी रोज दाढी करतो, आणि तिने आणलेल्या बॅगा उघडायला शेजारपाजारची निम्मी गल्ली जमते. आनंद असे, फार आनंद असे. फक्त तिच्या जाण्याची तारीखही त्याच कागदावर छापलेली असे, आणि तो कागद कपाटात ठेवला तरी ती तारीख काही आत राहत नसे.

ह्या खेपेला मात्र गोष्ट निराळी होती. तिचा करार संपत होता. आणखी दोन वर्षे राहाल का, असे इस्पितळाने तिला विचारले होते. हे तिने मला सांगितले तेही दोन वाक्यांच्या मध्ये, म्हणजे एका बाजूला तिथल्या उकाड्याची तक्रार आणि दुसऱ्या बाजूला आईच्या गुडघ्याची चौकशी. मी नुसते "हं" म्हणालो. ती पुढे बोलली नाही, मी पुढे विचारले नाही. माझ्या मनात उत्तर अगदी स्पष्ट होते: मला ती घरी हवी होती, कायमची हवी होती, इतकी हवी होती की ते तोंडाने उच्चारायची भीती वाटे. कारण मी 'ये' म्हणालो असतो तर ती माझ्यासाठी आली असती, आणि त्या काचेच्या पेट्यांपाशी वाकलेली वनिता, जी मी फोनच्या पडद्यावर कितीदा पाहिली होती, जिच्या चेहऱ्यावरचे तेज मला आमच्या लग्नाच्या फोटोतही सापडत नाही, तिला मी माझ्या हाताने तिथून उठवले असते. ते मला नको होते. पण ती आली नाही तर काय, हेही मला सोसणारे नव्हते.

आणि आता तीच म्हणत होती, तिकीट तुम्ही काढा.

दुपारी जेवण झाल्यावर मी ओटीवर बसलो आणि फोनवर तिकिटाचे ते पान उघडले. समोर आई सुपात वाल घेऊन निवडत होती. एवढ्या वर्षांत मी कधी परदेशाचे तिकीट काढले नव्हते, त्यामुळे काहीतरी अवघड विचारतील, पासपोर्टातले बारीक अक्षर मागतील, अशी माझी तयारी होती. पण त्या पानाने सगळ्यांत आधी विचारले ते हेच: एकेरी की दुहेरी? कुठून निघणार, कुठे जाणार, कधी जाणार, हे सगळे नंतर. आमच्या घरात इतके दिवस जो प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता, तो त्या यंत्राने काडीचीही भीड न ठेवता पहिल्याच ओळीत विचारला, आणि दोन छोटी वर्तुळे माझ्यापुढे धरली.

मी एकेरीवर बोट नेले आणि मागे घेतले. दुहेरीवर नेले, मागे घेतले. उठून पाणी प्यालो. परत बसलो. छाती अशी धडधडत होती की माग बंद असूनही मला गल्लीत माग चालू झाल्यासारखे वाटले. आईने वालांवरून नजर न उचलता विचारले,

"कवा येते सून?"

"बघतंय तिकीट."

"जायाचं बी काढतंस का?"

मी फोनचा पडदा सदऱ्याला पुसला. आईच्या प्रश्नांना असे उत्तर दिले की ती अधिकच सावध होते.

"तिला इचारलंस का?"

"न्हाय."

"मंग कोनाला इचारतंस? फोनला?"

ह्यावर मला हसू आले, आणि हसता हसताच, काय होतेय ते कळायच्या आत, मी एकेरीवर बोट टेकवले. ते वर्तुळ निळे झाले. पुढचे सगळे मग मी पळत सुटल्यासारखे केले. आता दिवस. दिवस तर ठरलेलाच होता. तिला शुक्रवारी पहाटे पोचवायचे म्हणजे विमान गुरुवारच्या रात्रीचे हवे. मस्कतहून रात्री बारा वाजून पस्तीस मिनिटांनी सुटणारे विमान नेहमीचेच होते. गुरुवारच्या रकान्यात मला ते दिसले, मी ते घेतले. आसन खिडकीजवळचे घेतले. तिचे नाव मी एकेक अक्षर तपासून भरले, मोठ्याने वाचून आईला ऐकवले, आणि शेवटी 'तुमचे तिकीट निश्चित झाले आहे' असे शब्द उमटल्यावर मी पन्नाशीला टेकलेला, सदैव सुताच्या तुसाने माखलेला मेहता, ओटीवरून उठून अंगणात जाऊन उगीचच एक फेरी मारून आलो. मोहोराचा वास तेव्हा फार दाट आला.

तिकीट तिला पाठवले. ती ड्युटीवर असावी, कारण संध्याकाळपर्यंत काही उत्तर नाही. मग आला तो एक अंगठा. पिवळा, उभा, हसतमुख म्हणावा असा अंगठा.

त्या अंगठ्याचा मी किती दिवस कीस पाडला! 'मिळाले' एवढेच त्याला म्हणायचे होते, की 'एकेरी काढलेत ते पाहिले, आणि मान्य आहे'? कदाचित तिने नीट पाहिलेच नसेल. कदाचित पाहून तिला वाटले असेल, जाताना तिकडच्या तिकडे काढू, एवढे काय. आम्ही रोज बोलत होतो, पण एकेरी हा शब्द तिने काढला नाही आणि मीही नाही. मी तिच्या बोलण्यातून सुगावा लागतो का ते बघायचो. एके दिवशी म्हणाली, कढीपत्त्याची कुंडी तिने केरळच्या मैत्रिणीकडे दिली. मी आनंदून गेलो. मग आठवले, कुंडी तर ती सुट्टीवर येतानाही देते. दुसऱ्या दिवशी विचारले, घरी इस्त्री चांगली आहे ना, नाहीतर इथली आणते. इस्त्री! सुट्टीवर येणारी बाई इस्त्री घेऊन येते का? पण मागच्या वर्षी तिने आईसाठी मिक्सर आणला होता, तेव्हा इस्त्रीचाही काही भरवसा नव्हता. ह्या वयात, स्वतःच्या बायकोच्या प्रेमात पडलेल्या पोरासारखी माझी अवस्था झाली होती, आणि खरे सांगायचे तर ती मला आवडतही होती. कारखान्यात तुटलेला धागा शोधताना मी शीळ घालू लागलो, तेव्हा कामगार एकमेकांकडे बघू लागले.

घरात तयारी जोरात होती. फाल्गुन आता भरात आला होता. शेलार गावाच्या रस्त्याकडेला पांगारा फुलला होता, त्याच्या लाल फुलांवर मैना भांडत होत्या, आणि दुपारच्या झळांत सगळा आसमंत ओल्या काचेतून बघावे तसा थरथरत होता. मी दाराला रंग दिला. आईने मासळीवालीला शुक्रवारसाठी पापलेट सांगून ठेवले आणि तांदळाचे पीठ स्वतः उभी राहून दळून आणले. वळ गावात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला गाडी सांगितली, शुक्रवारच्या दुपारी जेवायला नातेवाईक सांगितले. नेहमीचा सण लागला होता. फक्त ह्या सणाला शेवट आहे की नाही, तेवढे ठाऊक नव्हते.

ती यायच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तिचा फोन आला. नेहमीप्रमाणे मी गच्चीत, कावळा वायरवर. आवाजावरून ती झोपून उठलेली, ताजी वाटत होती.

"काय ओ," ती म्हणाली, "गुरुवारी पहाटे विमानतळावर तुम्ही येताय, का मीच गाडी करून येऊ?"

"गुरुवारी कशाला? शुक्रवारी पहाटे. गुरुवारच्या रात्री तू निघतेस ना!"

पलीकडे ती जी हसत सुटली! मला आधी कळेचना. तिने मला तिकीट उघडायला लावले आणि वाचून दाखवायला लावले. गुरुवार, बारा पस्तीस, असे मी वाचले. तोपर्यंतही मला काही चूक दिसली नाही. ती म्हणाली, अहो, म्हणजे बुधवारची रात्र. बुधवार संपला, बारा वाजले, गुरुवार लागला, आणि पस्तीस मिनिटांनी माझे विमान उडाले. गुरुवारी पहाटे मी मुंबईत.

मी वायरवरच्या कावळ्याकडे बघत राहिलो. सगळे आयुष्य मागांच्या पाळ्या लावण्यात गेलेल्या माणसाकडून दुसरे काय होणार? आमच्याकडे गुरुवारची रात्रपाळी संध्याकाळी सुरू होते आणि शुक्रवारी उजाडेपर्यंत ती गुरुवारचीच असते. मध्यरात्री बारा वाजतात ते घड्याळात. मागाला त्याचे सोयरसुतक नसते. रात्री दोन वाजता विणलेले कापड आदल्या दिवसाचे कापड असते, आणि त्यावर आजवर कुणीही वाद घातलेला नाही. पण वनिताच्या जगात बाराच्या ठोक्याला दिवस खरोखरच बदलतो. बाराला काही मिनिटे असताना आलेले बाळ बुधवारचे, बारा वाजून गेल्यावर आलेले गुरुवारचे. एकदा तर जुळ्यांतला थोरला एका दिवशी आणि धाकटा दुसऱ्या दिवशी जन्मला होता, आणि त्यांच्या बापाला हे समजावताना तिच्या नाकीनऊ आले होते. आमच्या घरात रात्र मोजायच्या अशा दोन रीती इतकी वर्षे सुखाने नांदत होत्या, आणि त्यांची गाठ पडली ती त्या तिकिटावर.

मला स्वतःचा राग आला, तिच्यासमोर वेडे ठरल्याची लाजही वाटली. मी घाईघाईने म्हणालो, थांब, आत्ताच्या आत्ता बदलतो, तारीख बदलता येते, मी बघितले आहे. हसणे थांबले.

"कशाला बदलता?" ती म्हणाली. आवाज आता निराळा होता, जवळचा. "येते ना मी गुरुवारी."

"अगं, गुरुवारी माग चालू. मला ड्युटी हाय. जेवायला लोक सांगितलेत ते शुक्रवारी. तुला सोडून मी..."

"मग जा ना ड्युटीला. पहाटे न्यायला या, मला घरी सोडा आणि जा. दर वेळी तुमची सुट्टी बघून यायला मी आता पाहुणी हाय का? मी आंघोळ करून झोपेन जरा. तुम्ही संध्याकाळी या घरी."

तुम्ही संध्याकाळी या घरी. किती साधे वाक्य! गल्लीतल्या घराघरांतून रोज सकाळी ते दारापर्यंत येते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मी मात्र ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिले. जे विचारायला मला आठवडेच्या आठवडे धीर झाला नाही, त्याचे उत्तर ती देऊन मोकळी झाली होती, आणि आपण काही उत्तर दिले हे बहुधा तिच्या ध्यानीही नसावे. की असावे? ते तिने चहा ओतावा तसे सहज माझ्यापुढे ठेवले होते. आनंदाने माझे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी थोडी भीतीही वाटली. एवढी वर्षे आम्ही एकमेकांना भेटलो ते नवे कपडे घालून. आता गुरुवार येईल, मग त्याच्यामागून सोमवार येतील, मंगळवार येतील. ती थकलेली असेल, मी कावलेला असेन, उघडायला बॅगा नसतील, मोजायला तारीख नसेल. काचेच्या पेट्यांवाचून तिचे हात अस्वस्थ होतील, आणि त्या अस्वस्थतेशी कसे बोलावे हे मला अजून ठाऊक नाही. तिलाही कुठे ठाऊक असणार? आणि तरीही त्या अगदी सामान्य मंगळवारांची मला जी ओढ लागली, ती आजवर कोणत्याही सणाची लागली नव्हती.

काहीतरी बोलायला हवे होते. मी विचारले,

"संध्याकाळी येताना काय आणू?"

ती विचारात पडली. खरोखरच विचारात पडली, हे मला तिच्या श्वासावरून कळले.

"गुरुवारी आईंचा वार असतो ना, म्हणजे मासळी न्हाय," ती म्हणाली. "मेथीची जुडी आणा एक. बाकी काय लागलं तर सांगीन मग, हळूहळू."